बॅटरी मरते म्हणजे नेमके काय मरते?

‘बॅटरी गेली’ हे दोन शब्द इलेक्ट्रिक सायकल किंवा स्कूटर वापरणाऱ्याच्या कानावर साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी पडतात. दुकानदार ते सहज बोलून जातो. ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो, कारण नव्या पॅकची किंमत हा वाहनाच्या किमतीचा मोठा हिस्सा असतो. मग तीन सल्ले मिळतात. पहिला, कंपनीचा नवा पॅक घ्या. दुसरा, जुन्याच डब्यात सगळे नवे सेल भरून घ्या. तिसरा, ‘चार-सहाच सेल गेलेत, तेवढे बदलून देतो, स्वस्तात होईल.’

यांतल्या शेवटच्या दोन्ही कामांना बाजारात एकच नाव आहे : ‘बॅटरी रिपेअर’. एकच नाव असल्यामुळे ती एकाच जातीची कामे वाटतात. एक जरा महाग, दुसरे जरा स्वस्त, एवढाच फरक. प्रत्यक्षात त्यांतले एक काम नीट केले तर पॅकला जवळजवळ नवे आयुष्य देते. दुसरे बहुतेक वेळा काही महिन्यांत निकामी होते, आणि कधी कधी घरात आग लावते. हा फरक कुठून येतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. विद्युत अभियांत्रिकीची पदवी माझ्याकडे नाही. गेली काही वर्षे असे पॅक उघडून, मोजून, वहीत नोंदी करून आणि सेलची माहितीपत्रके वाचून जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे.

डब्यात काय असते

पॅकचे आवरण उघडले की आत एक मोठी बॅटरी दिसत नाही. रिमोटमध्ये घालतो त्या सेलपेक्षा थोडे जाड आणि लांब असे डझनावारी सेल ओळीने उभे असतात. यांतला सर्वांत प्रचलित नमुना १८६५० या नावाने ओळखला जातो. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य त्याचा आकार दंडगोल आहे एवढे सांगण्यासाठी. अलीकडे २१ मिलिमीटर व्यासाचे आणि ७० मिलिमीटर लांबीचे २१७०० सेलही पुष्कळ वाहनांत येतात. लिथियम-आयन सेल बाजारात पहिल्यांदा आणला तो सोनी कंपनीने, १९९१ मध्ये. ज्यांच्या संशोधनावर तो उभा आहे त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. व्हिडिओ कॅमेरा आणि लॅपटॉपसाठी वाढलेला हा सेल आज आपल्या सायकलच्या दांडीवर येऊन बसला आहे.

एका सेलचे सरासरी व्होल्टेज सुमारे ३.६. पूर्ण भरल्यावर ते ४.२ होते, आणि रिकामा होताना ३ च्या आसपास येते. एवढ्यावर मोटर चालत नाही. म्हणून काही सेल समांतर जोडून एक गट करतात, आणि असे गट एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडतात. समांतर जोडणीने क्षमता वाढते, एकसर जोडणीने व्होल्टेज वाढते. दुकानात ज्याला ‘४८ व्होल्टचा पॅक’ म्हणतात त्यात बहुधा १३ गट एकसर असतात. प्रत्येक गटात ४ सेल धरले तर एकूण ५२ सेल झाले. प्रत्येक सेल २.६ अँपिअर-तासांचा असेल तर गटाची क्षमता १०.४ अँपिअर-तास, आणि अख्ख्या पॅकमध्ये जवळपास ५०० वॉट-तास ऊर्जा. एवढ्या ऊर्जेत पाच लिटर पाणी उकळीपर्यंत तापवता येईल. पॅकला हात लावण्याआधी हा हिशेब डोक्यात असावा, म्हणून मुद्दाम सांगितला.

या सगळ्यावर लक्ष ठेवणारी एक लहानशी सर्किटची पाटी असते. तिला बीएमएस म्हणतात, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. तिच्यापासून प्रत्येक गटाला एक बारीक तार गेलेली असते. कोणताही एक गट ४.२ च्या वर चढला तर ती चार्जिंग थांबवते, कोणताही एक गट फार खाली गेला तर मोटरचा पुरवठा तोडते. ‘कोणताही एक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पॅकच्या आयुष्याचा निकाल तिथे लागतो.

सर्वांत दुबळा गट

काळ्या जमिनीत पूर्वी एका जड नांगराला चार-चार, सहा-सहा बैलजोड्या जुंपत. त्यांतली एक जोडी बसली की नांगर थांबतो. बाकीच्या जोड्यांत कितीही दम शिल्लक असला तरी तो त्या वेळी कामाचा नसतो. एकसर जोडलेल्या गटांचे तसेच आहे. सगळ्या गटांतून एकच विद्युतधारा वाहते, त्यामुळे ज्या गटाची क्षमता सर्वांत कमी, तीच पॅकची क्षमता.

एक उदाहरण घेऊ. १३ गटांपैकी १२ गट ३.९ व्होल्टवर आहेत आणि एक २.९ वर. बाहेरून मीटर लावला तर ४९.७ व्होल्ट दिसतात, म्हणजे पॅक अर्ध्याहून अधिक भरलेला वाटतो. मालक गाडी सुरू करतो, पहिला चढ लागतो, तो एक गट मर्यादेखाली जातो आणि बीएमएस पुरवठा तोडते. गाडी बंद. मालक म्हणतो बॅटरी गेली. प्रत्यक्षात ५२ पैकी ४८ सेल ठीक असू शकतात.

पण तो गट खाली का गेला, याची उत्तरे दोन, आणि ती अगदी वेगळी आहेत. एक म्हणजे असंतुलन. सेल चांगले आहेत, पण तो गट बाकीच्यांपेक्षा कमी भरलेला राहिला आहे. काही बीएमएस स्वतःला लागणारी वीज ठरावीक गटांतूनच घेतात. गाडी चार-सहा महिने वापराविना पडून राहिली की तेच गट रिकामे होत जातात. दुसरे उत्तर म्हणजे झीज. त्या गटातल्या सेलची धरून ठेवण्याची ताकदच कमी झाली आहे.

असंतुलन असेल तर अनेकदा एकही सेल बदलावा लागत नाही. साध्या बीएमएसमध्ये गट समान करण्याची सोय असते. जो गट आधी भरतो त्यातली वीज ती एका रोधकातून जिरवते. पण ही धारा फारच लहान असते, काही दशक मिलिअँपिअर. दोन अँपिअर-तासांचा फरक ५० मिलिअँपिअरने भरून काढायला ४० तास लागतात, आणि आपण तर चार्जरचा दिवा हिरवा झाला की लगेच प्लग काढतो. अशा पॅकला योग्य यंत्राने तो गट काळजीपूर्वक भरून दिला की तो उभा राहतो. म्हणून ‘सेल बदलू’ म्हणण्याआधी चार्जर, फ्यूज, सुटलेला वेल्ड, पावसाळ्यात आत शिरलेले पाणी आणि असंतुलन, एवढे तपासले गेले पाहिजे.

यात एक लक्ष्मणरेषा आहे. गट दोन व्होल्टच्या बराच खाली जाऊन तिथे दीर्घकाळ राहिला असेल, तर त्याला ‘जागे’ करू नये. इतक्या कमी व्होल्टेजला सेलच्या आतल्या ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी जाऊन बसते आणि दोन बाजूंमधला पातळ पडदा ओलांडून आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. असा सेल पुन्हा ४.१ व्होल्ट दाखवतोही. पण तो बरा झालेला नसतो.

चार सेल बदलण्याचा मोह

आता समजा झीजच आहे. एक गट गेला, बाकीचे चालताहेत. मग तेवढेच चार सेल का बदलू नयेत?

पहिले कारण हिशेबाचे. पॅक नवा असताना प्रत्येक गट १०.४ अँपिअर-तासांचा होता. तीन वर्षांनी चांगले गट ७.५ वर आलेले असतात आणि खराब गट ४ वर. चार नवे सेल घातले की त्या गटाचे १०.४ होतात, पण पॅकची क्षमता होते ७.५, कारण आता दुबळे ते आहेत. नव्या सेलचा वरचा भाग वापरातच येत नाही. उरलेले १२ गट एकाच वयाचे आहेत, एकाच उन्हात तापले आहेत, एकाच खड्ड्यांवर आदळले आहेत. त्यांतला पुढचा गट काही महिन्यांत बसतो. मालक पुन्हा पैसे भरतो.

दुसरे कारण धोक्याचे. कधी कधी गटातले चारही न बदलता फक्त एक सेल बदलला जातो. सेल वापरून जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. नव्याचा ३० मिलिओहम आणि जुन्या तिघांचा प्रत्येकी ९० धरू. समांतर जोडणीत धारा रोधाच्या उलट प्रमाणात वाटली जाते. हिशेब केला तर पॅकमधून १५ अँपिअर ओढताना, सुरुवातीला तरी, एकटा नवा सेल ७.५ अँपिअर देतो आणि तिघे जुने २.५ प्रत्येकी. म्हणजे ज्या सेलला जास्तीत जास्त ५ अँपिअर द्यायला बनवले, त्याच्यावर दीडपट भार. आणि समांतर गटातला एखादा सेल आतून शॉर्ट झाला तर शेजारचे तीन सेल आपली सगळी वीज त्याच्यातच ओततात. तिथे बीएमएस काही करू शकत नाही. तिची तार गटाला जोडलेली असते, प्रत्येक सेलला नव्हे. काही चांगल्या पॅकमध्ये प्रत्येक सेलला फ्यूजचे काम करणारी बारीक जोडणी असते ती याचसाठी.

याला अपवाद आहे. पॅक अगदी तरुण असेल, एखाद्या गटात कारखान्यातलाच दोष निघाला असेल, आणि त्याच बनावटीचे, त्याच क्षमतेचे सेल मिळत असतील, तर एक अख्खा गट बदलणे योग्य ठरते. तीन-चार वर्षे चाललेल्या पॅकला मात्र सगळे सेल बदलणे हाच सरळ मार्ग.

सेलची ओळख कशी पटते

सेल चांगला की वाईट हे व्होल्टेजवरून ठरवता येत नाही. भरलेला तांब्या आणि भरलेली वाटी, दोन्ही ‘भरलेले’च असतात. सेलच्या तीन गोष्टी मोजाव्या लागतात. पहिली क्षमता : सेल पूर्ण भरून, ठरावीक धारेने रिकामा करून, किती अँपिअर-तास निघाले ते पाहणे. दुसरी अंतर्गत रोध. हा मिलिओहममध्ये असल्याने साध्या मीटरवर कळत नाही, त्याला चार तारांचा वेगळा मीटर लागतो. तिसरी गोष्ट बहुतेक जण टाळतात, कारण तिला वेळ लागतो. सेल भरून दोन-तीन आठवडे नुसता ठेवायचा आणि त्याचे व्होल्टेज किती उतरले ते पाहायचे. चांगल्या सेलमध्ये फरक जेमतेम दिसतो. जो एकटाच खाली सरकतो, त्याच्या आत काहीतरी गळते आहे.

अंतर्गत रोधाचा अर्थ उष्णता. ३० मिलिओहमच्या सेलमधून ५ अँपिअर वाहिले तर पाऊण वॉट उष्णता होते. ९० मिलिओहमच्या सेलमध्ये सव्वादोन वॉट. ५२ सेल बंद डब्यात दाटीने बसवलेले असताना हा फरक लहान नसतो. पुष्कळ सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस दिलेली असते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात हवेचेच तापमान तिथे पोहोचते. दुपारी गाडी चालवून आल्या आल्या चार्जिंगला लावणे हे तिकडे पॅकचे आयुष्य कमी करण्याचे खात्रीचे साधन आहे. तासभर सावलीत थांबले तर काही बिघडत नाही.

नवे सेल घेतानाही ओळख पटवावी लागते. १८६५० आकाराच्या सेलवर ५,००० किंवा ९,९०० मिलिअँपिअर-तास छापलेले दिसले तर तो खोटा. या आकारात चांगल्या कंपन्यांचे सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. खरा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, फार हलका भरला तर शंका घ्यावी. जुन्या सेलवर नवे रंगीत वेष्टन चढवून ते नवे म्हणून विकण्याचा धंदाही आहे. वेष्टन सोलले की टोकावर उचकटलेल्या वेल्डच्या खुणा दिसतात. शिवाय सगळे खरे सेलही एका कामाचे नसतात. पॉवर बँकेसाठी बनवलेला सेल भरपूर साठवतो पण जोर लावून देत नाही. चढावर मोटर ओढू लागली की तो तापतो.

रसायनही जुळले पाहिजे. बऱ्याच नव्या स्कूटरमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. ते उष्णतेला जास्त दाद देत नाहीत आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त सहन करतात. पण त्यांचे सरासरी व्होल्टेज ३.२ आणि पूर्ण भरल्यावर ३.६५. त्यामुळे जुन्या डब्यात ते भरले तर गटांची संख्या, बीएमएस आणि चार्जर, तिन्ही बदलावे लागतात. ‘चार्जर तोच चालेल’ असे कुणी म्हणाले तर तिथून निघावे.

बांधणी

सेल एकमेकांना जोडतात ते निकेलच्या पट्टीने आणि स्पॉट वेल्डिंगने. क्षणभर प्रचंड धारा सोडून पट्टी सेलला चिकटवायची, उष्णता आत शिरायच्या आत काम संपते. सोल्डरची तापती सळई सेलच्या टोकावर काही सेकंद धरली तर आतले गास्केट आणि पडदा दुखावतात. बाहेरून काही दिसत नाही. निकेलच्या नावावर निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही विकली जाते. तिचा रोध जास्त, आणि कोकणातल्या दमट हवेत ती गंजते. पट्टीचा तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवला की एक-दोन दिवसांत तिची जात कळते.

आणखी एक बारीक जागा. १८६५० सेलचा जवळजवळ सगळा पत्रा ऋण असतो, वरच्या टोकाच्या कडेपर्यंत. धन टोक आणि ही ऋण कडा यांच्यात जेमतेम दोन मिलिमीटरचे अंतर आणि वर प्लास्टिकचे पातळ वेष्टन. खड्ड्यांच्या रस्त्यावर पट्टी त्या कडेवर घासत राहिली की वेष्टन फाटते. म्हणून तिथे कागदी चकती चिकटवतात. ती अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे. मी उघडलेल्या ‘रिपेअर’ केलेल्या पॅकमध्ये ती नसणे हा सर्वांत जास्त वेळा दिसलेला दोष. दुसऱ्या क्रमांकावर बीएमएसचा तापमान मोजणारा संवेदक : एक तर कापून टाकलेला, नाहीतर सेलला न टेकता हवेत लोंबणारा.

हे दोन्ही दोष एकत्र असलेला एक पॅक घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या एका तरुणाने आणला होता. पाच महिन्यांपूर्वी कुठूनतरी ‘सेल बदलून’ घेतलेला. आत चार रंगांच्या वेष्टनांचे सेल होते, निम्म्यांवर जुन्या वेल्डच्या खुणा. रोध मोजले तर एकाच गटात एक दुसऱ्याच्या तिप्पट. रात्री चार्जिंग कुठे करतोस, असे विचारले. “दाराशीच काका. खोली एकच आहे, प्लग तिथेच आहे.” बाहेर पडायची वाट तीच ना, म्हटल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, “तुम्ही म्हणता ते खरंय. पण नवा पॅक म्हणजे माझी दोन महिन्यांची कमाई. गाडी बंद ठेवली तर तेवढीही नाही.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याने कोणता पॅक घ्यावा हे सांगणे सोपे आहे. त्याला परवडेल असा सुरक्षित पर्याय बाजारात नसणे ही खरी अडचण आहे, आणि ती त्याच्या एकट्याची नाही.

न्यूयॉर्क आणि युरोप

अशीच एका खोलीत राहून जेवण पोहोचवणारी माणसे न्यूयॉर्कमध्ये हजारोंनी आहेत. कोविडनंतर तिथे इलेक्ट्रिक सायकली झपाट्याने वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर स्वस्त आणि जोडगाळीचे पॅकही. २०२३ या एका वर्षात त्या शहरात लिथियम-आयन बॅटरीच्या आगींत १८ माणसे मेली. त्याच वर्षी शहराने कायदे केले. विक्रीच्या सायकली आणि बॅटऱ्यांना सुरक्षा प्रमाणपत्र सक्तीचे झाले. शिवाय वापरलेल्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल घालून पॅक बांधण्यास आणि विकण्यास बंदी आली.

युरोपीय संघाने २०२३ मध्येच बॅटऱ्यांविषयी नवे नियमन आणले. त्यातली एक तरतूद १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हायची आहे. हलक्या वाहनांची बॅटरी, आणि तिच्यातले सुटे सेलसुद्धा, स्वतंत्र कारागिराला काढून बदलता आले पाहिजेत, असे ती सांगते. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने अडवण्यासही मनाई आहे. याला कारण आहे. काही कंपन्यांच्या पॅकमध्ये सेल काढले की बीएमएस स्वतःला कायमचे कुलूप लावून घेते.

वरवर पाहिले तर एक शहर दुरुस्ती बंद करते आहे आणि एक खंड ती खुली करतो आहे. नीट वाचले तर विरोध नाही. न्यूयॉर्कची बंदी आहे ती इतिहास माहीत नसलेल्या सेलवर. युरोपची परवानगी आहे ती जाणत्या हातांनी सेल बदलण्याला. लेखाच्या सुरुवातीला ज्या दोन कामांना एकच नाव आहे म्हटले, त्यांच्यात या दोन कायद्यांनी रेघ ओढली आहे.

आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या. पुण्यात लोहगावला रस्त्याच्या कडेला पेटलेल्या स्कूटरची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. त्यानंतर एआयएस १५६ हे मानक कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यात सेल, बीएमएस, चार्जर आणि एका सेलची आग शेजारच्या सेलला लागू नये यासाठीच्या रचना, या सगळ्यांचा विचार आहे. पण ती नमुना-मंजुरी आहे, वाहन बाजारात येण्याआधीची. तीन वर्षांनी गल्लीतल्या टेबलावर उघडलेल्या पॅकपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. शिवाय पाव किलोवॉटहून कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली वाहने मोटार वाहनाच्या व्याख्येतूनच वगळली जातात, आणि इलेक्ट्रिक सायकली बहुतेक तिथेच बसतात. २०२२ च्याच बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत जुन्या बॅटऱ्या पुन्हा वापरायोग्य करणाऱ्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी असे म्हटले आहे. तो दरवाजा आहे. गल्लीतल्या कारागिराला तिथपर्यंत नेणारी वाट अजून बांधायची आहे.

मोटर भरणाऱ्यांकडून शिकण्यासारखे

ही वाट आपल्याला अगदी अनोळखी नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी विहिरीवरची जळलेली मोटर भरून देणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जुनी तार काढताना ते वेढे मोजतात, तारेचा गेज पाहतात, तीच तार त्याच वेढ्यांनी भरतात, वॉर्निश देतात, आणि मोटर चालवून, धारा मोजून मगच हवाली करतात. जुनी जळकी तार पुन्हा भरून देणारा माणूस त्या बाजारात टिकत नाही. तिथे रिपेअर म्हणजे काय याचा एक अलिखित दर्जा आहे. बॅटरीच्या कामाला तो अजून आलेला नाही. फरक असा, की मोटर वाईट भरली तर पाणी थांबते, आणि पॅक वाईट बांधला तर घर पेटू शकते. त्यामुळे इथे दर्जा अलिखित ठेवून चालणार नाही.

माझी सूचना साधी आहे. पुन्हा बांधलेल्या प्रत्येक पॅकवर आणि मालकाच्या हातात एक चिठ्ठी असावी. सेल कोणत्या बनावटीचे, नवे की वापरलेले, क्षमता किती. बांधणीच्या दिवशी प्रत्येक गटाचे व्होल्टेज आणि रोध किती. बीएमएस आणि चार्जर कोणता. काम कुणी आणि कधी केले. यासाठी कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. आयटीआयमध्ये हा विषय शिकवला जावा, चार तारांचा मीटर आणि क्षमता मोजणारे यंत्र तालुक्याला एकतरी सामायिक असावे, हे त्यापुढचे टप्पे. चिठ्ठी उद्यापासून सुरू होऊ शकते.

ती मागणारा ग्राहक मात्र हवा. ‘बॅटरी गेली’ असे ऐकल्यावर वाचकांनी एवढे प्रश्न विचारावेत. प्रत्येक गटाचे व्होल्टेज वेगळे मोजले का? मोजले असेल तर ते आकडे दाखवा. असंतुलन आहे की झीज? घालणार ते सेल नवे, एकाच लॉटचे आहेत का, आणि त्यांचे बिल आहे का? तापमानाचा संवेदक जागेवर बसवणार का? काढलेले सेल कुठे जाणार? शेवटचा प्रश्न भंगाराच्या दुकानासाठी आहे. अर्धवट भरलेले सेल लोखंडाच्या ढिगात पडले तर आग तिथे लागते. ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेले पाहिजेत.

पॅक फुगला असेल, गोडसर उग्र वास येत असेल, किंवा गाडी उभी असतानाही तो गरम लागत असेल, तर चार्जिंग बंद करून तो घराबाहेर मोकळ्या जागी ठेवावा. आणि पॅक कितीही चांगला असला तरी घरातून बाहेर पडण्याच्या वाटेवर आणि सगळे झोपलेले असताना चार्जिंगला लावू नये. एकाच खोलीत राहणाऱ्याला हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात, जिन्यापासून दूर, दोन-चार प्लगची एक आडोशाची जागा केली तर तेही जमण्यासारखे आहे. दुचाकी उभ्या करायला जागा आपण शोधतोच. त्या चार्ज करायलाही आता शोधावी लागेल.